आबांच्या मानेत गाठ आहे, सर्जन म्हणतात सरळ काढून टाकू. काढू का?

तापीकाठ_चोपडा:
नमस्कार मंडळी. आमच्या आबांना (वय ५८) डाव्या बाजूला जबड्याच्या खाली गाठ आलीय, लिंबाएवढी असेल. दुखत नाही म्हणून कोणाला बोललेच नाहीत, केळीच्या कापणीत कोण बघतं, दाढी करताना मलाच दिसली. गावातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकचे दोन कोर्स दिले, काही फरक नाही. आता एक सर्जन म्हणताय की जागा बधिर करून गाठ काढू आणि तपासायला पाठवू, एकाच खर्चात दोन्ही कामं. मला पटतंय, पण काका म्हणे सुई लावा नाहीतर चाकू, ते पसरेलच, त्यापेक्षा लेप लावा. आबा तरुणपणापासून तंबाखू-चुना खातात. काय करू भो?

ईएनटी_धुळे:
चाकू इतक्यात लावू देऊ नका. चाळिशीच्या पुढचा माणूस, तंबाखू, न दुखणारी गाठ आणि औषधाने कमी नाही, म्हणजे उलटं सिद्ध होईपर्यंत आम्ही कॅन्सर धरूनच चालतो. आणि तसं असेल तर मूळ बहुतेक मानेत नसतं, ते जीभ, गाल, टॉन्सिल नाहीतर घशात असतं आणि तिथून गाठीत उतरलेलं असतं. मूळ न शोधता गाठ काढली तर पेशी आजूबाजूला सांडू शकतात, शिवाय तिथं व्रण धरतो आणि पुढे मानेचं खरं ऑपरेशन करणाऱ्याला थर नीट सापडत नाहीत.
आधी तोंडात बोट घालून तपासणी, मग नाकातून दुर्बीण टाकून घसा, मग गाठीतून एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी ओढून तपासणं. ती सुई साध्या इंजेक्शनएवढीच बारीक असते, तिच्याने पसरतं ही भीती काकांना सोडायला सांगा. सीटी स्कॅन त्यानंतर, त्यात कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध, फोटो स्पष्ट यायला) देणार असतील तर आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघतात.
आबांचं तोंड तीन बोटं उभी जातील एवढं उघडतं का? कान दुखतो का? आवाज बसलाय का?

भुसावळ_जंक्शन:
सगळं कॅन्सरच असतं असं नाही हं भो. आमच्या आईला अशीच गाठ होती, आम्ही रडून मोकळे झालो आणि निघाला टीबी. सरकारी गोळ्या फुकट, सहा महिन्यांचा कोर्स, ऑपरेशन नाहीच. म्हणून सुईतून जे निघेल ते टीबीच्या तपासणीलाही पाठवा म्हणून आधीच सांगून ठेवा, नाहीतर पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते.

पारोळ्याचा_पोऱ्या:
माझ्या वडिलांचं जिभेचं ऑपरेशन मुंबईला परळच्या टाटात झालं. जिभेचा तुकडा काढला, मनगटाची कातडी रक्तवाहिनीसकट आणून तिथं जोडली, आणि मानेच्या गाठीही काढल्या. आता बोलतात, भाकरी दुधात कुस्करून खातात. कोणी आधी सांगत नाही ते सांगतो, खांदा! मानेतून खांद्याकडे एक नस जाते, ती वाचवली तरी काही महिने हात वर जात नाही, फिजिओथेरपी पहिल्यापासून धरा, आम्ही उशिरा धरली. आणि इथं कुठंही तपासणी केली तरी रिपोर्टचा कागद नेऊन भागत नाही, काचेच्या स्लाईड आणि बायोप्सी झाली असेल तर मेणाचा ब्लॉकही मागून घ्या, तिथं परत बघतात. रेशन कार्ड, आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते तोच सांगेल.

केळी_रावेर:
एक शंका. माझ्या साडूच्या जिभेवर छोटा कॅन्सर निघाला, मानेत हाताला काहीच लागत नाही, तरी डॉक्टर मान उघडू म्हणतात. बिल वाढवायला तर नाही ना?

ईएनटी_धुळे:
नाही. टाटाच्याच डॉक्टरांनी यावर मोठी चाचणी केली, २०१५ ला छापून आली. तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर, मानेत गाठ नाही, अशा लोकांत तोंडाच्या ऑपरेशनसोबतच मानेतल्या गाठी काढून मान साफ केलेले तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, आणि गाठ आल्यावर करू म्हणून थांबलेले ६७.५ टक्के. बारीक गाठी हाताला लागत नाहीत, तिथंच फसतं.

तापीकाठ_चोपडा:
सगळ्यांचे आभार. आबांना विचारलं, तोंड दोनच बोटं उघडतं, आणि डावा कान ठणकतो म्हणे, आम्ही त्यात तेल टाकत बसलो होतो. सोमवारी जळगावला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जातोय. काका सोबत येणार आहेत, लेपाचं सध्या बोलत नाहीत.

ईएनटी_धुळे:
कान दुखतो म्हणजे जिभेचा मागचा भाग आणि टॉन्सिल नीट बघायला सांगा, कान स्वतः बहुधा चांगला निघेल. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सुईच्या आधी डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका. आणि तेल थांबवा.