‘कॅन’ म्हणतो, पण समोरच्याला ‘नाही’ ऐकू येतं. वाक्यात जोर कुठे द्यायचा?

गोदाकाठ:
मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी व्याकरण पक्कं आहे, टीमचे मेलही मीच लिहितो. पण संध्याकाळी डॅलसच्या लोकांशी कॉल असतो, तिथे गाडी अडते. ‘वी कॅन रिलीज इट ऑन फ्रायडे’ म्हटलं की तिकडून ‘व्हाय नॉट?’ असं येतं! एकेक शब्द सुटा, स्पष्ट म्हणतो, तरी तेच. मला अमेरिकन ढंगात बोलायचं नाही, फक्त बोललेलं पोचायला हवं. मॅनेजर म्हणतात ‘चढउतार आण’. म्हणजे नेमकं करायचं काय?

कृष्णाकाठची:
मी मूळची सांगलीची, सध्या लीड्समध्ये वॉर्डात नर्स आहे. तुमचा ढंग राहू द्या, त्याला काही झालेलं नाही. अडचण ‘कॅन’वरच्या जोराची आहे.

बोलण्याच्या ओघात अमेरिकन माणूस नकारातल्या ‘कॅन्ट’चा शेवटचा ‘ट’ बहुतेक वेळा गिळतो. त्यामुळे त्याचा कान ‘ट’ शोधतच नाही. शब्द ठासून, पूर्ण ‘ॲ’ लावून म्हटला की तो नकार धरतो. होकारातलं ‘कॅन’ त्याच्या तोंडी जेमतेम ‘क्न’ उरतं आणि जोर पुढच्या क्रियापदावर जातो. तुम्ही ‘कॅन’ स्पष्ट म्हणता, म्हणूनच त्याला नकार ऐकू येतो. ‘वी क्न रिलीज’ म्हणा, ‘लीज’वर जोर द्या, मग थेट ‘फ्राय’वर. मधलं ‘इट ऑन’ पटकन उरका.

आपण मराठीत जवळपास प्रत्येक अक्षराला त्याचा वेळ देतो. इंग्रजी बोलणारा जोराच्या अक्षरांवर थांबतो आणि मधली दाबून टाकतो. भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी १९४५ साली हा फरक मांडला. पुढे मोजमाप झालं तेव्हा जोरांमधलं अंतर तितकं काटेकोर सारखं नसतं असं दिसलं, पण मधली अक्षरं आखडतात हे खरंच आहे.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ‘मीच पाठवला’, ‘पाठवला की!’ असं म्हणायला आपल्याकडे ‘च’ आहे, ‘की’ आहे. इंग्रजीत हे काम बरंचसं आवाजाला करावं लागतं. ‘आय सेंट द रिपोर्ट’मध्ये ‘आय’वर जोर दिला तर मीच पाठवला, दुसऱ्या कुणी नाही. ‘सेंट’वर दिला तर पाठवला की, पुन्हा काय विचारता? सगळे शब्द सारखेच ठासले तर ऐकणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

वॉर्डात तर मी याबाबत फार काटेकोर असते. ‘फिफ्टीन’चा जोर ‘टीन’वर, ‘फिफ्टी’चा ‘फिफ’वर, हे ठीक. पण पुढे ‘मिलिग्रॅम’ आलं की ‘फिफ्टीन’चाही जोर ‘फिफ’कडे सरकतो आणि पंधरा-पन्नास एकसारखे वाटू लागतात. म्हणून हँडओव्हरला आकडा सांगून लगेच ‘वन फाइव्ह’ म्हणायचं. औषधाच्या डोसात अंदाजाला जागा नाही.

पंचगंगा_मास्तर:
ताईंशी बहुतांशी सहमत. कोल्हापुरात इंग्रजी शिकवतो म्हणून एक पुरवणी जोडतो. सगळेच छोटे शब्द गिळायच्या मागे लागू नका. उद्या कॉलवर ब्राझीलचा किंवा जपानचा माणूस असेल तर ‘टू’, ‘ऑफ’, ‘फॉर’ पूर्ण म्हटलेलेच त्याला सोपे जातात. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना एकमेकांचं बोलणं कळायला उच्चारातलं किमान काय लागतं, त्याचा ‘गाभा’ भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेनकिन्स यांनी २००० साली मांडला; त्यात वाक्यातला मुख्य जोर आवश्यक धरला आहे, शब्द गिळणं नाही. माझ्या वर्गातली मुलंही मुख्य जोर आधी पकडतात, बाकीचं सावकाश येतं.

सराव असा करा: वाक्य तोंड मिटून नुसतं गुणगुणा. शब्दांविना कुठे चढलात ते लगेच कळतं. मग तेच वाक्य शब्दांसकट म्हणा.

गोदाकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. ‘क्न’ कालच्या कॉलवर वापरलं, ‘व्हाय नॉट?’ आलं नाही! पण मास्तर, मुख्य जोर कुठला हे बोलता बोलता कसं ठरवायचं? मी सवयीनं शेवटच्या शब्दावर देतो.

पंचगंगा_मास्तर:
एरवी शेवटच्या अर्थवाही शब्दावर चालतं. मात्र तो शब्द समोरच्यानं नुकताच उच्चारला असेल तर जोर तिथून काढा. त्यानं विचारलं, ‘डिड यू टेस्ट द लॉगिन पेज?’ तुम्ही म्हणणार, ‘आय टेस्टेड द पेमेंट पेज.’ ‘पेज’ आधीच बोलण्यात आलंय, नवं आहे ते ‘पेमेंट’. त्यातल्या ‘पे’वर चढा आणि ‘पेज’ खालच्या पट्टीत सपाट सोडा. ‘पेज’वर चढलात तर त्याला वाटेल, पेमेंटचं पेज तपासलं आणि दुसरं काहीतरी राहिलं.