मदत हवी आहे: रॉ-आयबीच्या अभ्यासासाठी ऑनलाइन काय वाचावं?

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातल्या खेड्यातून एम.ए. करतोय. १९६८ मध्ये आयबीतून (इंटेलिजन्स ब्युरो, देशांतर्गत गुप्तचर संस्था) रॉ (परदेशातली गुप्त माहिती काढणारी संस्था) वेगळी का काढली, हा विषय घेतला. घेताना सोपा वाटला! माहिती अधिकारात अर्ज टाकणार होतो, तर कलम २४ आडवं आलं; भ्रष्टाचार आणि मानवाधिकाराचे आरोप सोडले तर या संस्थांना सूट आहे. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेच्या, म्हणजे सीआयएच्या ऑनलाइन रीडिंग रूममध्ये भारतावरचे जुने कागद ढिगानं आहेत, पण ती अमेरिकेची नजर. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या पोर्टलवर नेमक्या कोणत्या मंत्रालयाच्या फायली शोधू? त्या काळच्या लोकसभेतल्या चर्चा कशा शोधायच्या? यूट्यूबवरचे 'गुप्तहेर' मात्र नकोत. आणि फाइल हलकी असली तर बरं, इकडे रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्यावरच येते.