मदत हवी आहे : फुले योजनेत अँजिओप्लास्टी, तरी वरचे पैसे मागतायत

सासऱ्यांची अँजिओप्लास्टी येत्या परवाची ठरलीय, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून प्री-ऑथ (उपचाराआधी घ्यायची योजनेची परवानगी) मंजूर झालंय, आणि आता हॉस्पिटलवाले म्हणतात स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) चांगल्या कंपनीचा हवा तर वरचे चाळीस हजार भरा, पावती मिळणार नाही. मला जेवढं कळलंय त्यात योजना हॉस्पिटलला दिवसाच्या बिलाप्रमाणे पैसे देत नाही, एका आजाराचं एक ठरलेलं पॅकेज असतं, त्यात बेड, ऑपरेशन, औषधं, तपासण्या, जेवण, डिस्चार्जनंतरचे 10 दिवस फॉलोअप सगळं धरलेलं, आणि पेशंट घरी गेल्यावर हॉस्पिटल क्लेम टाकतं. म्हणजे जास्त खर्च झाला तर तो त्यांचा, आमचा नाही ना? त्यांचं म्हणणं पॅकेजचे रेट परवडत नाहीत. असतीलही कमी, पण मग ते भांडण सरकारशी करा ना, आमच्या खिशाशी कशाला!

आरोग्यमित्र (हॉस्पिटलमधला योजनेचा मदतनीस) म्हणतो भरू नका, पण लेखी द्यायला तयार नाही. कुणाला असा अनुभव आलाय का? दोन स्टेंट लागले तर दुसऱ्याचे पैसे पॅकेजमध्ये धरतात का, आणि तक्रार आधी योजनेच्या हेल्पलाइनला 155388 वर करायची की थेट योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे? ऑपरेशनआधी तक्रार केली तर पेशंटला त्रास देतील अशी सासूबाईंना भीती वाटतेय.