मदत हवी आहे: मेंदूच्या तळाशी नर्व्ह कुठली नि आर्टरी कुठली, ओळखायचं कसं?

पाठांतर_फेल (धागाकर्ती):

नमस्कार मंडळी. मी फर्स्ट इयरला आहे, पुढच्या आठवड्यात न्यूरोअ‍ॅनाटॉमीची प्रॅक्टिकल आहे आणि माझी पार तंतरलीये. धागा लांबलाय, सांभाळून घ्या.

बाराच्या बारा क्रेनियल नर्व्ह (मेंदूशी जोडलेल्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या) मला तोंडपाठ आहेत. झोपेतून उठवून विचारा, ऑल्फॅक्टरीपासून हायपोग्लॉसलपर्यंत धडाधड म्हणून दाखवेन, कुठली सेन्सरी, कुठली मोटर, कुठली कवटीच्या कुठल्या भोकातून बाहेर पडते, सगळं. पण ट्रेमध्ये खरा मेंदू उलटा करून ठेवला की समोर नुसता दोऱ्यांचा गुंता दिसतो. पुस्तकात आर्टरी लालचुटूक आणि नर्व्ह पिवळीधमक, इथे फॉर्मलिनमध्ये पडून पडून सगळ्यांचा एकच मळकट रंग झालेला, वरून त्या वासाने डोळे चुरचुरतात ते वेगळंच.

परवा व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा होती. सरांनी फोर्सेप्स हातात दिला आणि म्हणाले, थर्ड नर्व्ह दाखव. मी आधी ऑप्टिक कायझमा शोधला, तो फुलीसारखा असतो त्यामुळे चुकत नाही, त्याच्या मागे मॅमिलरी बॉडीज, वाटाण्यासारखे दोन गोळे, तेही सापडले, मग त्यांच्या बाजूने मागे जाणारा एक बारीक दोरा दिसला तो उचलला आणि ठोकून दिलं, सर ही ऑक्युलोमोटर, म्हणजे थर्ड. सर काहीच बोलले नाहीत. त्यांनी त्या दोऱ्याचं तुटलेलं टोक उजेडाकडे वळवलं आणि विचारलं, "मग हिला भोक कसं गं?"

भोक होतं. टाचणीच्या टोकाएवढं, पण होतं. ती पोस्टिरियर कम्युनिकेटिंग आर्टरी निघाली. मागे उभी असलेली अख्खी बॅच खिदळली आणि मला वाटलं ट्रेखालीच लपावं.

तर मला विचारायचंय ते असं, की टोक तुटलेलं नसेल तर आर्टरी आणि नर्व्ह नुसती बघून कशी ओळखायची? ३, ४ आणि ६ या तिघी डोळ्याकडेच जातात त्यामुळे माझ्या डोक्यात त्यांची खिचडी झालीये, त्या कुठून निघतात ते लक्षात कसं ठेवायचं? आणि एक बावळट प्रश्न, मिडल सेरेब्रल एवढी मोठी आर्टरी असून ती सर्कल ऑफ विलिसमध्ये, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या आर्टरींच्या रिंगणात, का धरत नाहीत?

हसतमुख:

नावांच्या पहिल्या अक्षरांचं एक वाक्य बनव आणि पाठ कर. आम्ही तसंच केलं, पास झालो.

पाठांतर_फेल:

अहो तशी तीन वाक्यं पाठ आहेत मला, त्यातलं एक तर घरी म्हणायच्या लायकीचं नाही. ट्रेमधल्या दोऱ्यावर नंबर लिहिलेला नसतो ना!

रात्रपाळी:

पीकॉमला (पोस्टिरियर कम्युनिकेटिंगला) थर्ड नर्व्ह म्हणणारी तू पहिली नाहीस, मीही म्हटलंय, फक्त माझ्या नशिबाने टोक तुटलेलं नव्हतं.

फोर्सेप्सने हलकेच दाब. आर्टरी पोकळ असते, ती चपटी होते आणि सोडली की थोडी फुगते. नर्व्ह भरीव, ती दोरीसारखी गोलच राहते, आणि नीट बघितलीस तर तिच्यावर लांबीच्या दिशेने बारीक रेघा दिसतात कारण ती तंतूंची जुडीच असते. दुसरं म्हणजे दोन्ही टोकांचा माग काढ. आर्टरी दुसऱ्या आर्टरीतून निघते आणि पुढे फाटे फोडत बारीक होत जाते. नर्व्ह मेंदूतून निघते, मेंदूजवळ फाटे फोडत नाही, आणि ट्रेमधल्या मेंदूत तिचं दुसरं टोक कापलेलंच असतं कारण मेंदू कवटीतून काढताना ती कापावीच लागते. तू उचललेला दोरा पुढे इंटर्नल कॅरोटिडला आणि मागे पोस्टिरियर सेरेब्रलला चिकटलेला असणार. दोन्हीकडे आर्टरीला चिकटलाय म्हटल्यावर तो नर्व्ह असूच शकत नाही.

थर्ड नर्व्हची खात्रीची खूण सांगते. मधोमध पॉन्सवर (ब्रेनस्टेमच्या मधल्या फुगीर पट्ट्यावर) बेसिलर आर्टरी दिसते ना, ती वर जाऊन दोन बाजूंना फुटते, त्या दोन पोस्टिरियर सेरेब्रल, म्हणजे पीसीए. त्यांच्या किंचित खालून निघतात त्या सुपिरियर सेरेबेलर, म्हणजे एससीए. या दोन आर्टरींच्या मधल्या फटीतून जी बाहेर येते ती थर्ड. दोन दारांच्या फटीत बोट सापडल्यासारखी. ती जागा एकदा बघितलीस की विसरणार नाहीस.

भिंगवाला:

रात्रपाळीला +१. मी नंबरांचं सांगतो.

तू पुढून मागे एकेक नंबर शोधत जातेस, तिथेच गडबड होते. आधी ब्रेनस्टेमचे, म्हणजे मेंदूच्या देठाचे, मजले पाड. वर मिडब्रेन, मध्ये तो फुगीर आडवा पट्टा म्हणजे पॉन्स, खाली मेडुला. १ आणि २ ब्रेनस्टेमला लागतच नाहीत, त्या वरच्या वर मोठ्या मेंदूला. ३ नि ४ मिडब्रेनच्या, ५ ते ८ पॉन्सच्या किंवा त्याच्या खालच्या काठावरच्या, ९ ते १२ मेडुलाच्या. म्हणजे चार, चार, चार. आता सरांनी कुठलाही दोरा धरला तरी आधी मजला बघायचा, बारातून शोधायचं नाही, चारातून शोधायचं.

पॉन्सच्या कुशीतून निघणारी सगळ्यात जाडजूड ती ५, ट्रायजेमिनल, ती आंधळ्यालाही सापडते. पॉन्स संपून मेडुला सुरू होतो त्या आडव्या खाचेत मध्यरेषेला लागून ६, आणि त्याच खाचेत पार बाहेरच्या कोपऱ्यात ७ आणि ८ जोडीने, आतली ७ बाहेरची ८. खाली मेडुलावर दोन उभे उंचवटे दिसतील, आतला पिरॅमिड नि बाहेरचा ऑलिव्ह. त्या दोघांच्या मधल्या खाचेतून बारीक मुळांची रांग निघते ती १२, आणि ऑलिव्हच्या मागच्या खाचेतून निघते ती ९, १०, ११ यांची. ११ चा मोठा भाग खरं तर मानेतल्या स्पायनल कॉर्डमधून निघतो, कवटीच्या तळाच्या मोठ्या भोकातून, फोरामेन मॅग्नममधून, वर कवटीत शिरतो आणि ९-१० चा हात धरून जुग्युलर फोरामेनमधून लगेच बाहेर पडतो. आत येऊन काय बघून जातो देव जाणे.

४ राहिली. ती मुद्दाम शेवटी ठेवली कारण ती ट्रेमध्ये बहुतेक वेळा नसतेच! सगळ्यात बारीक, केसासारखी, मेंदू काढताना तुटून जाते. बारांमध्ये ब्रेनस्टेमच्या पाठीमागून निघणारी ती एकटीच, निघण्याआधी मुळात उजवीची डावीकडे नि डावीची उजवीकडे होते आणि मग मिडब्रेनला वळसा घालून पुढे येते. सापडली तर मिडब्रेनच्या कडेला सापडेल, नाही सापडली तर सरांना सरळ सांग की सर स्पेसिमेनमध्ये तुटलीये, खूश होतील.

जुना_विद्यार्थी:

गोंधळ फक्त तुझाच नाही गं. प्राचीन वैद्य गेलनने सातच जोड्या मोजल्या होत्या. ज्याच्या नावाचं सर्कल आहे त्या थॉमस विलिसनेसुद्धा १६६४ मध्ये ७ आणि ८ ची एक जोडी धरली आणि ९, १०, ११ मिळून एक. आज आपण म्हणतो त्या बारा जर्मन शरीरशास्त्रज्ञ सोमरिंगने १७७८ मध्ये लावल्या. आणि विलिसच्या पुस्तकातली चित्रं काढणाऱ्यांत क्रिस्टोफर रेन होता, तोच तो लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलवाला. अवांतर झालं, पण मला भारी वाटतं हे.

मिडल सेरेब्रलचा प्रश्न बावळट नाही. चित्रावर बोट ठेव आणि रिंगणात फिरव. अँटिरियर कम्युनिकेटिंगपासून सुरू कर, एका बाजूच्या अँटिरियर सेरेब्रलवरून मागे, इंटर्नल कॅरोटिड, पीकॉम, पीसीए, बेसिलरच्या टोकावरून पलीकडच्या पीसीएवर, आणि तसंच वर चढत परत जागेवर. या फेरीत तुझं बोट एमसीएवर, म्हणजे मिडल सेरेब्रलवर, गेलंच नाही. ती कॅरोटिडची सगळ्यात मोठी फांदी, जवळपास सरळ रेषेतच पुढे जाते, पण रिंगणातून बाहेर पडून लॅटरल सल्कसमध्ये, म्हणजे मेंदूच्या बाजूच्या खोल खाचेत, शिरते आणि परत येत नाही. सर्कल म्हणजे रिंग रोड, एमसीए म्हणजे त्यातून फुटलेला हायवे. हायवे कितीही रुंद असला तरी त्याला रिंग रोड म्हणत नाहीत.

आणि हो, चित्रात असतं तसं सगळीकडून सारखं, पूर्ण सर्कल निम्म्याहून कमी माणसांत सापडतं. कुणाची पीकॉम एका बाजूला नुसता धागा असते, कुणाची नसतेच. तुमच्या ट्रेमधलं पुस्तकाशी जुळलं नाही तर घाबरू नकोस.

सहज_वाचक:

मी डॉक्टर नाही की विद्यार्थीही नाही, नुसता वाचत होतो. वडिलांचा एक डोळा चार महिन्यांपूर्वी अचानक अर्धा मिटला, पापणी वर जाईना, हाताने पापणी उचलली तर एकाचे दोन दिसायचे. त्यांना डायबेटिस आहे. डॉक्टरांनी बाकी काही करायच्या आधी दोन्ही डोळ्यांत पुन्हापुन्हा टॉर्च मारून बघितलं, मग थर्ड नर्व्ह म्हणाले, स्कॅनही केला, आणि शेवटी डायबेटिसमुळे झालंय, सुधारेल असं सांगितलं. सुधारलंही. पण टॉर्चने त्यांना काय कळलं ते मला आजतागायत समजलेलं नाही. तुम्ही इथे त्याच नर्व्हबद्दल बोलताय म्हणून विचारतो.

रात्रपाळी:

काका, बरं झालं विचारलंत. पाठांतर_फेल, तूही वाच, कारण यात तुझा तो भोकवाला दोरा येतो.

थर्ड नर्व्हमध्ये दोन प्रकारचे तंतू असतात. पापणी उचलणारे आणि डोळा फिरवणारे आतल्या बाजूला, आणि बाहुली लहान करणारे वरच्या थराला, सालीसारखे. आता बाहेरून काही दाबलं तर आधी काय चिरडेल? साल. बाहुली मोठी होते आणि टॉर्च मारला तरी लहान होत नाही. डायबेटिसमध्ये बाहेरून कोणी दाबत नाही, नर्व्हला रक्त देणाऱ्या अगदी बारीक रक्तवाहिन्या बिघडतात आणि उपाशी राहतो तो आतला गाभा, साल बहुतेक वेळा वाचते. म्हणून पापणी पडते, डोळा बाहेर आणि खाली वळतो, पण बाहुली टॉर्चला नीट लहान होते. तुमच्या वडिलांच्या डॉक्टरांनी तेच बघितलं. असं झालेलं साधारण तीनेक महिन्यांत भरून येतं. तरी हा नियम शंभर टक्के पाळला जात नाही, म्हणून स्कॅन.

आणि बाहेरून दाबणारं कोण, तर बऱ्याचदा पीकॉम. ती जिथे कॅरोटिडमधून निघते तिथे तिच्या भिंतीला फुगा येतो, अ‍ॅन्युरिझम, आणि थर्ड नर्व्ह तिच्या अगदी शेजारून, जवळपास समांतर पुढे जाते. फुगा वाढला की पहिला दाब हिच्यावर. म्हणून पापणी अचानक पडली, बाहुली मोठी आहे आणि डोकं फुटेल असं दुखतंय, असं कुणाचंही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी इमर्जन्सीत.

डोळा बाहेर-खाली का वळतो याचं उत्तर तुझ्या खिचडीत आहे बघ. डोळ्याचे बाकी बहुतेक स्नायू ३ चे, फक्त बाहेर ओढणारा लॅटरल रेक्टस ६ चा आणि खाली वळवणारा सुपिरियर ऑब्लिक ४ चा. ३ बंद पडली की हे दोघंच काम करतात. आता ३, ४, ६ वेगळ्या पाठ करायची गरज उरली का?

पाठांतर_फेल:

नाही उरली! म्हणजे मी ज्या दोघींची अदलाबदल केली त्या शेजारणीच आहेत, आणि एकीला फुगा आला की दुसरी चिरडते. हे सरांनी तेव्हाच सांगितलं असतं तर एवढी रडले नसते.

सहज_वाचक:

धन्यवाद डॉक्टर. आज कळलं. वडिलांनाही वाचून दाखवतो.

पाठांतर_फेल:

अपडेट. आज दुपारी डिसेक्शन हॉल रिकामा होता, अटेंडंट काकांना विनंती करून तोच ट्रे काढून घेतला. बेसिलर धरून वर गेले, पीसीए मिळाली, खाली एससीए मिळाली, मधल्या फटीत फोर्सेप्सचं टोक घातलं आणि तिथून एक जाडसर पांढुरका दोरा बाहेर आला, दाबला तर चपटा झाला नाही. अंदाजे एक सेंटिमीटरच उरलाय, पुढे कापलेला. इतके दिवस मी त्याच्या शेजारीच शोधत होते.

आणि उजवीकडची पीकॉम, तीच भोकवाली, चांगली ठसठशीत आहे, पण डावीकडे नुसता केस. जुना_विद्यार्थी दादा, तुमचं खरं निघालं. चौथी मात्र दोन्हीकडे नाही सापडली, तुटली असणार. सरांनी विचारलं तर काय सांगायचं ते आता माहितीये.