ऑर्कुट गेलं, फेसबुक-व्हॉट्सॲप राहिलं: तुमच्या गावात कसं झालं?

वर्धेची_लेक
दिवाळीच्या साफसफाईत जुनी वही सापडली, त्यात ऑर्कुटचा, म्हणजे फेसबुकसारख्याच त्या जुन्या साइटचा, पासवर्ड! २००८ साल, आर्वीचा सायबर कॅफे. ईमेल आयडीसुद्धा कॅफेवाल्या दादानेच काढून दिला होता. तासाचे पैसे भरायचे, आधी स्क्रॅप, म्हणजे मित्रांनी टाकलेले निरोप, वाचायचे, मग आपलं प्रोफाइल कोण पाहून गेलं ते. ऑर्कुट निघालं जानेवारी २००४ला, फेसबुक लगेच फेब्रुवारीत. तरी ऑर्कुटच २०१४च्या सप्टेंबरात बंद झालं. मला वाटतं, ऑर्कुटसाठी एसटीने तालुक्याला जावं लागे आणि फेसबुक खिशात आलं. तुमच्याकडचं सांगा.

कपाशीवाला
खिशातच आलं. बटनाचा फोन होता माह्या जवळ. २०१०ले झिरो फेसबुक आलं, काही सिमवर फुकट. फोटो नाही, नुसती अक्षरं. वावरात पऱ्हाटीले पाणी देता देता वाचत बसो.

दारव्हेकर
पण फेसबुक २००६च्या सप्टेंबरपर्यंत कॉलेज-शाळा आणि काही कंपन्यांपुरतंच होतं. म्हणून आपल्याकडे उशिरा कळलं. माझ्या मते फोनपेक्षा माणसं महत्त्वाची. पुण्याला शिकायला गेलेली पोरं फेसबुकवर गेली, मग इथले सगळे त्यांच्यामागं गेले. ऑर्कुटवर स्क्रॅप टाकला तर उत्तरच येईना.

पुसदची_ताई
घाईत लिहिते, कुकर लागलाय. आमच्या मायले ईमेल काय ते आजही माहीत नाही. व्हॉट्सॲपले फोन नंबरच पुरतो, म्हणून ते घरात आलं. २०१८मध्ये जिओच्या बटनाच्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू झालं आणि माय बोलून निरोप पाठवायले लागली. तिले लिहिता येत नाही. ते निरोप मी जपून ठेवले आहेत.

कपाशीवाला
ताई, जपाच. आमची माय गेली, आवाज नाही राह्यला कुठं.

वणीकर
२०१७ची गुलाबी बोंडअळी आठवा. किडक्या बोंडाचा फोटो ग्रुपवर टाकला तर आजूबाजूच्या गावांतूनही तसेच फोटो आले. तवा कळलं आपल्या एकट्याचं नाही. तेव्हापासून मी व्हॉट्सॲप सोडलं नाही.

दारव्हेकर
आणि ते व्हॉट्सॲपही २०१४मध्ये फेसबुकनंच घेतलं, सौदा १९ अब्ज डॉलरचा. माणसं जिथं जातील ते ठिकाणच विकत घेतलं.

रानवारा
आर्वीचा कॅफे म्हणजे बस स्टँडजवळचा का?

वर्धेची_लेक
हो हो, तोच! आता तिथं झेरॉक्स आहे. तुम्ही कोणत्या बॅचचे?

मेळघाटकर
आमच्याकडं रेंजसाठी अजूनही टेकडीवर जावं लागतं. टिकटॉकवर वहिनी छान गायची, ऐकणारेही खूप होते. जून २०२०मध्ये बंदी आली अन् सारं गेलं. नवीन ठिकाणी तिनं पुन्हा सुरुवात केली नाही.

पुसदची_ताई
अरेरे. वहिनीले सांगा, आम्ही ऐकू.

वणीकर
आभाळ भरून आलंय इकडं. सोयाबीनची गंजी उघडीच आहे, तुमच्याकडं पाऊस आहे का?

पुसदची_ताई
विजा सुरू आहेत दादा. आधी ताडपत्री टाका, मग लिहा.