मदत हवी आहे: लॅब बदलल्यावर टॅक्रोलिमसची पातळी वाढलेली दिसतेय

भावाच्या किडनी प्रत्यारोपणाला वर्ष होत आलं. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस (दर 12 तासांनी), मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन चालू आहे. डॉक्टरांनी टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी 6 ते 8 नॅनोग्रॅम प्रति मिली ठेवायला सांगितली आहे. डोस तोच असताना मागच्या वेळी 6.4 आली, आता 9.1. क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला घटक) स्थिर आहे, औषध जास्त झाल्यावर थरथरतात तसे हातही थरथरत नाहीत.

रक्त सकाळच्या डोसच्या आधीच दिलं होतं. ब्रँड तोच, जुलाब नाहीत, फ्लुकोनॅझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं पातळी वाढवणारं नवं औषध नाही, ग्रेपफ्रूटही नाही. बदलली ती फक्त लॅब. जुनी मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वस्तुमानावरून औषध ओळखणारी पद्धत) मोजायची, नवी इम्युनोअसेने (अँटीबॉडी वापरून मोजणारी पद्धत). इम्युनोअसेमध्ये औषधाचे विघटित घटकही काही प्रमाणात मोजले जातात, म्हणून आकडा जास्त येऊ शकतो, एवढं माहीत आहे. पण इतका?

डोस आम्ही मनाने अजिबात बदलणार नाही, डॉक्टरांना दोन्ही रिपोर्ट दाखवणारच आहोत. जुनी लॅब लांब आहे. एकदा जाता येईल, दर वेळी नाही.

ज्यांची चाचणीची पद्धत अशी मध्येच बदलली, त्यांनी एकाच दिवशीचं रक्त दोन्हीकडे तपासून घेतलं का? आणि फरक दिसल्यावर डॉक्टरांनी डोस कमी केला, की नव्या लॅबसाठी अपेक्षित पातळीच वेगळी ठरवून दिली?