मदत हवी आहे: कोचची खुर्ची हलायला लागली की टीमची यादी का बदलते?

पेठेतला कार्यकर्ता (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरातल्या एका पेठेच्या तालमीत फुटबॉल टीमचं बघणाऱ्या कमिटीत मी आहे. तालमीचं नाव मुद्दाम घेत नाही. विषय माणसांचा आहे आणि सीझन अजून चालू आहे. इथे खेळलेले, कोचिंग केलेले, खेळाच्या मानसशास्त्राचा अभ्यास असलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय.

आमचा कोच पेठेतलाच. डिफेन्सला बरीच वर्षं खेळला, खेळ कळतो, पोरं त्याचं ऐकतात. यंदा पेठेतली दोन-तीन नवीन पोरं तयार करायची असं त्यानंच सीझनच्या आधी सांगितलं होतं. त्यातला एक एकोणीस वर्षांचा, लेफ्ट विंगला खेळतो. वेग आहेच, पण मुख्य म्हणजे बॉल गेला की परत धावत येतो. सराव सामन्यांत त्यानं आपली जागा कमावली आणि लीगच्या पहिल्या मॅचेस खेळलाही.

मग लागोपाठ दोन हार, एक बरोबरी. ज्यांनी शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून मॅच बघितली आहे त्यांना सांगायला नको, इथे अकरा जण हरत नाहीत, पेठ हरते. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर, चहाच्या गाड्यावर, मोबाईलच्या ग्रुपवर तोच विषय. कमिटीच्या बैठकीत दोन ज्येष्ठांनी कोचसमोरच सांगितलं, "पुढची मॅच गेली तर बघायला लागेल." वर्गणीदारांचे फोन सुरू झाले ते वेगळेच.

कोच यादी आदल्या रात्री वहीच्या कागदावर लिहितो. पुढच्या मॅचची यादी माझ्या हातात आली, तेव्हा अकरा नंबरसमोर त्या पोराचं नाव निळ्या पेनानं लिहिलेलं होतं. त्यावर काळ्या पेनाची आडवी रेघ आणि शेजारी आमच्या सिनियर विंगरचं नाव. म्हणजे रात्री एक विचार होता, सकाळी दुसरा. सिनियर खेळाडू मोठाच आहे, त्यानं पेठेला काय काय जिंकून दिलंय हे गावाला माहीत आहे. पण त्याचा गुडघा दुखतोय आणि तासाभरानंतर त्याचं पळणं थांबतं. हे मला कोचनंच सांगितलं होतं.

मॅच गोलशून्य सुटली. त्यानंतर कोचला कोणी एक शब्द बोललं नाही, आणि मला तेच टोचतंय. नावं ओळखीची होती म्हणून जाब कोणी विचारला नाही. त्या जागी पोरगा खेळला असता आणि मॅच तशीच सुटली असती, तर "ईर्षेच्या मॅचला पोरगं उतरवायची गरज काय होती?" हे त्याला पेठभर ऐकायला लागलं असतं. माझ्या मते खेळाडूंबद्दलचं त्याचं मत बदललेलंच नाही. आधी तो "कोण जिंकून देईल?" याचं उत्तर शोधत होता, आता "हरलो तर कुणाचं नाव घेऊन सुटता येईल?" याचं शोधतोय.

मोठ्या पातळीवरही हे दिसतं. २०२४ मध्ये भारतीय संघाला एकही मॅच जिंकता आली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला मार्च २०२५ मध्ये तेव्हाचे कोच मानोलो मार्केझ यांनी परत बोलावलं, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. शिलाँगला मालदीवविरुद्ध ३-० जिंकलो, छेत्रीनं गोलही केला. मग बांगलादेशशी गोलशून्य, जूनमध्ये हाँगकाँगकडून ०-१, आणि मार्केझ गेले. खालिद जमील आले, त्यांनी काफा नेशन्स कपला छेत्रीला घेतलं नाही. ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर आला. पण ऑक्टोबरमध्ये आशियाई कपची पात्रता सिंगापूरविरुद्धच्या मॅचेसवर येऊन ठेपली आणि छेत्री परत संघात. पाणी गळ्याशी आलं की हात ओळखीच्या नावाकडे जातो, असं मला यातून वाटतं.

माझी अडचण अशी. कोच बदला हा सल्ला नको, माणूस चांगला आहे. त्याच्यावरचा हा दबाव उतरवायला कमिटीनं नेमकं काय करायचं? "तुझी खुर्ची पक्की आहे" एवढं म्हणून भागतं का? निवडीत ढवळाढवळ न करता मी त्याच्याशी हे बोलू कसं? आणि त्या पोराचं काय करायचं? सरावाला वेळेवर येतो, सांगितलं ते सगळं करतो, पण आता कुणाशी बोलत नाही. ज्या गावचा अनिकेत जाधव २०१७ साली १७ वर्षांखालील वर्ल्डकपला भारताकडून खेळला, त्या गावात एखादं पोरगं असं आतल्या आत मिटत जावं हे मला बघवत नाही.

माजी स्टॉपर

दादा, मी दुसऱ्या पेठेचा, पण या विषयात पेठ आणत नाही.

सिनियरला घेतलं म्हणजे कोच घाबरला, असं लगेच ठरवू नका. छेत्रीचं तुम्ही दिलंय खरं, पण त्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) सीझनला भारतीय खेळाडूंत सगळ्यात जास्त गोल त्याचेच होते. चाळिशीचा असला तरी गोल तोच करत होता, मग बोलावायचं कुणाला? आणि ईर्षेच्या मॅचला गॅलरीतून जे कानावर येतं ते एकोणिसाव्या वर्षी सोसणं सोपं नसतं. पोराला सांभाळायचं म्हणूनही कोच कधी कधी बसवतो. मलाही पहिल्या वर्षी बसवलं होतं आणि त्याचा राग नाही, कारण कोचनं आदल्या दिवशी घरी येऊन कारण सांगितलं होतं. तुमच्या पोराला कुणी काही सांगितलं का?

पेठेतला कार्यकर्ता

नाही. जर्सी वाटताना त्याला कळलं.

माजी स्टॉपर

मग पहिलं काम तेच. बाकीचं सगळं नंतर.

आकडेमोड

तुम्ही म्हणताय तसाच प्रकार पेनल्टीच्या वेळी गोलकीपरच्या बाबतीत मोजला गेलाय. मायकेल बार-एली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००७ चा अभ्यास आहे, २८६ पेनल्टी किकचा. गोलकीपर मध्येच उभा राहिला तर बॉल अडण्याची शक्यता जास्त दिसली, तरी जवळपास प्रत्येक वेळी त्यानं डावीकडे नाहीतर उजवीकडे झेप घेतली. त्यांनी लावलेला अर्थ असा की झेप घेणं ही रीत आहे. रीतीप्रमाणे वागून गोल खाल्ला तर मनाला कमी लागतं, उभं राहून खाल्ला तर जास्त. तुमच्या कोचसाठी सिनियरचं नाव लिहिणं ही ती झेप आहे. त्यामुळे त्याला भित्रा म्हणू नका. जिथे फक्त निकालावरून माणसाला तोलतात, तिथे शहाणा माणूसही असाच वागतो.

दुसरं, त्या दोन ज्येष्ठांसाठी. डच लीगच्या १९८६ ते २००४ या काळाचा बास टेर वेल यांनी अभ्यास केला. कोच बदलल्यामुळे कामगिरी सुधारली असं त्यात आढळलं नाही. कोच काढतात तेच मुळी टीम तळाला असताना, आणि तिथून ती बऱ्याचदा आपली आपणच सावरते. श्रेय मात्र नव्या कोचला जातं. "बघायला लागेल" ही धमकी देऊन टीमच्या पदरात काही पडत नाही, फक्त यादी बिघडते.

शाळेचा कोच

मी शाळेच्या टीमला शिकवतो, पण खुर्चीचा दबाव तिथेही असतो. पालक, संस्था, ट्रॉफीचं कपाट.

फर्ग्युसन यांचं उदाहरण लोक कोचला वेळ द्या म्हणून सांगतात. मला त्यातलं वेगळंच महत्त्वाचं वाटतं. ते इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडला कोच म्हणून नोव्हेंबर १९८६ मध्ये आले. तीन वर्षं होऊन गेली, ट्रॉफी एकही नाही. जानेवारी १९९० मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध एफए कपची मॅच हरले तर गेलेच, असं पेपरवाले लिहीत होते. वीस वर्षांच्या मार्क रॉबिन्सनं गोल केला आणि १-० जिंकले. मे महिन्यात क्रिस्टल पॅलेसविरुद्धची फायनल ३-३ सुटली. रिप्लेला, म्हणजे परत खेळवलेल्या फायनलला, फर्ग्युसननी गोलकीपर जिम लेटनला बसवलं आणि लेस सीलीला उतरवलं. लेटन म्हणजे अबर्डीनपासूनचा त्यांचा माणूस. परत १-०, आणि क्लबमधली त्यांची पहिली ट्रॉफी. लेटनच्या मनातून ते कधीच गेलं नाही, ही त्या निर्णयाची किंमत. क्लबचे चेअरमन मार्टिन एडवर्ड्स यांनी पुढे सांगितलं की फर्ग्युसनना काढायचा विचारच नव्हता. बाहेर कितीही आरडाओरडा असू दे, वरचा माणूस ठाम होता.

आता १९९५. सीझनच्या पहिल्याच मॅचला ॲस्टन व्हिलाकडून १-३ हार. पोरांना घेऊन काही जिंकता येत नाही, असं ॲलन हॅन्सन टीव्हीवर बोलून गेले. त्याच पोरांनी त्या सीझनला लीग आणि एफए कप दोन्ही आणले. पण तोवर फर्ग्युसन यांच्या खिशात १९९३ आणि १९९४ ची लीग होती. एक मॅच हरल्यानं त्यांना कोण हात लावणार? तुमच्या कोचच्या खिशात असं काही नसेल, तर ते कमिटीनंच द्यायला पाहिजे.

द्यायचं कसं? खुर्ची पक्की आहे असं कानात सांगून उपयोग नाही. जे सगळ्यांसमोर बोललं गेलं ते सगळ्यांसमोरच मागे घ्यायला लागतं, आणि बोलले त्यांनीच. सीझन संपेपर्यंत बैठकीत कोचचा विषय निघणार नाही, असं ठरवून वहीत लिहा. मॅचच्या रात्री कमिटीतल्या कुणीही त्याला फोन करायचा नाही. हारल्यावर नाहीच, जिंकल्यावरही नाही.

यादीचं म्हणाल तर मी अशी करतो: दोन दिवस आधी, डोकं थंड असताना अकरा नावं लिहून पाकिटात बंद. मॅचच्या सकाळी नाव बदलायचं असेल तर कारण एका ओळीत लिहायचं. ताप, पाय मुरगळला, सस्पेन्शन, समोरच्या टीमनं फॉर्मेशन बदललं. भीती हे कारण कागदावर उतरत नाही, आणि पेन थांबलं की आपलं आपल्यालाच कळतं.

त्याच्याशी बोलताना "का बसवलंस?" हा प्रश्न कधीच नको. त्याला तुम्ही तिसरे ज्येष्ठ वाटाल. मॅचच्या आधी विचारा, "साठ मिनिटांनंतर लेफ्टला कोण पळणार?" उत्तर त्याच्याकडे आहे.

लांबून बघणारा

वरचं सगळं पटतं, फक्त उलट्या बाजूला झुकू नका. इंग्लंडच्या लेस्टर क्लबनं लीग जिंकून देणाऱ्या कोच क्लॉडियो रानिएरींना नऊ महिन्यांत, फेब्रुवारी २०१७ मध्ये काढलं. चार दिवसांनी लिव्हरपूलविरुद्ध त्यांच्या जागी तात्पुरते आलेल्या क्रेग शेक्सपियर यांनी जवळपास चॅम्पियन टीमच उतरवली, कांटे चेल्सीला गेला होता म्हणून त्याच्या जागी एन्डिडी. ३-१ जिंकले. तेही खुर्ची पक्की नसलेल्या माणसानंच केलेली निवड होती, जुन्या नावांचीच होती आणि बरोबर होती. त्यामुळे सिनियर की पोरगा, हा वाद कमिटीत घेऊच नका. गुडघा किती साथ देतो हा मुद्दा आहे, आणि तो फिजिओला विचारता येतो.

पेठेतला कार्यकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. फिजिओचं लक्षातच आलं नव्हतं, उद्याच बोलतो. पोराला कोचनं स्वतः सांगावं, हे तर कोचला लगेच पटलं. काल सरावानंतर दोघं मैदानाच्या कडेला बराच वेळ बोलत होते.

अडलंय ते ज्येष्ठांवर. दोघंही माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, मी त्यांना काका म्हणतो. तालमीसाठी त्यांनी घरचे पैसे घातलेत, उन्हात उभं राहून पोरांना खेळवलंय. त्यांना "सगळ्यांसमोर शब्द मागे घ्या" म्हणायचं तरी कसं? त्यांची माया खोटी नाही. मॅच हरली की त्यांना रात्री झोप लागत नाही.

माजी स्टॉपर

तुम्ही म्हणूच नका. तुमच्या सिनियर विंगरला बोलू द्या. काकांनी त्याला लहानपणापासून बघितलंय, त्याच्या शब्दाला वजन आहे. पुढच्या बैठकीत त्यानंच म्हणावं, "काका, पहिला एक तास माझा, पुढचा ह्या पोराचा. कोचला निवांत काम करू दे, जबाबदारी माझी." मग काकांना काही मागे घ्यायला लागत नाही, मानही राहतो. गुडघा दुखत असताना नव्वद मिनिटं ओढत नेणं खेळाडूलाही नको असतं हो. पण स्वतःहून बसतो म्हणायची सोय नसते, पेठेला वाटतं घाबरला.

पेठेतला कार्यकर्ता

हे जमेल. त्याच्या घरी जाऊन बोलतो, बैठकीच्या आधीच.

शेवटचा एक प्रश्न, शाळेचा कोच यांना. पाकिटाची कल्पना आमच्या कोचला सांगितली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पाकीट उघडणार कोण?" काय सांगू?

शाळेचा कोच

फक्त तो. कमिटीनं ते मागायचंही नाही. तुमच्या हातात गेलं की ती दुसरी यादी झाली, आणि तीही तो तुम्हाला बघूनच लिहील.